नाटकाची प्रॉपर्टी घडवायला कोठून शिकावे?

प्रश्न (नौपाडा, ठाणे):
आमच्या हौशी नाट्यसंस्थेत यंदा प्रॉपर्टीची, म्हणजे रंगमंचावर लागणाऱ्या वस्तूंची, जबाबदारी माझ्याकडे आली आहे. नाटक जुन्या वाड्यात घडते आणि त्यात पानाचा डबा, कंदील, पितळी समई व दुसऱ्या अंकात रागाने फोडली जाणारी बाटली लागते. आजवर आम्ही अशा वस्तू घरोघरून मागून आणल्या. मला त्या स्वतः योजून घडवायच्या आहेत. सुरुवात कशी करावी?

उत्तर (वाशी):
सुरुवात संहितेपासून करावी. कोणती वस्तू कोणाच्या हातात येते, ती कोठून आत येते आणि प्रवेश संपल्यावर कोठे जाते, हे प्रवेशवार वहीत उतरवले की बरेचसे निर्णय तेथेच होतात. पात्राला डबा उघडून सुपारी कातरायची असेल तर डबा आणि अडकित्ता खरेच हवेत. डबा नुसता कोनाड्यात दिसणार असेल तर रंगवलेला पुठ्ठा पुरतो. समई कागदाच्या लगद्याची करता येईल, पण तळाशी वाळू भरा, कारण पितळेचे वजन नटाच्या हातांतून आणि चालीतून प्रेक्षकांना कळते. तालमीतही तेवढ्याच वजनाची वस्तू द्या. लगद्यासाठीच्या मैद्याच्या खळीत किंचित मोरचूद घातल्यास कीड लागत नाही, मात्र तो विषारी असल्याने हातमोजे वापरावेत. सरसकट चकचकीत सोनेरी रंग दिव्यांखाली खोटा दिसतो. आधी गडद तपकिरी हात द्यावा आणि कोरड्या ब्रशने फक्त उंचवट्यांवर सोनेरी फिरवावा. मग समई रंगमंचावर ठेवून ठाण्यातील गडकरी रंगायतन नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेतून पाहावी. कंदिलात ज्योत नको, बॅटरीचा दिवा बसवा.

उत्तर (कोपरी):
थर्माकोल टाळा. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, शिवाय स्प्रे रंगाने तो विरघळतो.

उत्तर (नेरूळ):
बाटलीसाठी खरी काच कदापि वापरू नये. साखर, पाणी आणि ग्लुकोज सिरप सुमारे 150 अंश सेल्सिअसपर्यंत उकळून सिलिकॉनच्या साच्यात ओतल्यास काचेसारखी ठिसूळ बाटली मिळते. ती हवेतील ओलावा शोषून चिकट होते आणि आपल्याकडील दमट हवेत हे फार लवकर घडते, म्हणून प्रयोगाच्या अगदी आधी तयार करून हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावी. तिचेही तुकडे टोचतात. ती कोणाच्या अंगावर फोडू नये. पद्धतशीर शिक्षण हवे असल्यास दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय आणि कलिन्यातील मुंबई विद्यापीठाचा नाट्यविभाग यांची चौकशी करावी. तोवर प्रत्येक प्रयोगासाठी एक जादा बाटली जवळ असू द्या.