लेकीसाठी वापरलेली एअर रायफल घेतली आहे. ॲक्सेसरीज आधी कोणत्या घ्याव्यात?

सिडकोची_आई
नमस्कार मंडळी. लेक नववीत आहे, १० मीटर एअर रायफल खेळते. इतके दिवस क्लबची रायफल होती. आता एका सीनियर मुलीकडून जर्मन बनावटीची, हवेच्या सिलिंडरवर चालणारी रायफल घेतली. बिल आणि कागद रीतसर नावावर करून घेतलेत.

अडचण अशी की शॉट सरकतात. सुरुवातीला छान दहाच्या आसपास बसतात, थोड्या वेळाने उजवीकडे वर जायला लागतात. ही साइटला क्लिक देऊन नेम सरकवते, मग डावीकडे. पुन्हा क्लिक. पोरगी रडकुंडीला येते. कोच सध्या बाहेरगावी टीमबरोबर आहेत.

हाताशी साधारण २५ हजार आहेत. तिने यादी दिली आहे: मागच्या साइटला आयरिस (बघायचं भोक लहान-मोठं करणारी चकती), बॅरलला वजनं, स्लिंग (रायफल हाताला आवळून धरायचा पट्टा), नवीन ट्रिगर ब्लेड (बोटाखालची पट्टी), हार्ड केस. आधी काय घ्यावं? आणि नाशिकमध्ये सर्व्हिसिंग होतं का, की पुणे-मुंबई गाठावी लागेल?

अंबडचा_फिटर
ताई, अजून काहीच घेऊ नका. शॉट सरकतात तेव्हा आधी स्क्रू बघायचे. बॅरल-ॲक्शन स्टॉकला (दस्त्याला) धरणारे, डायऑप्टर म्हणजे मागची साइट रेलवर धरणारा, फ्रंट साइटचा, बटप्लेटचा (खांद्याला टेकते ती) आणि चीकपीसचा (गाल टेकतो तो). डायऑप्टर दोन बोटांत धरून हलकेच हलवून बघा. जाणवेल न जाणवेल इतकीसुद्धा खेळी नको. टार्गेटच्या कार्डावरचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तिथे साइट केसभर हलली तरी शॉट दहाच्या बाहेर जाऊ शकतो.

स्क्रू जीव खाऊन आवळू नका, ॲल्युमिनियमचे आटे जातात. मॅन्युअलमध्ये टॉर्क दिलेला असेल तेवढाच. मग प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. सरावानंतर रेघ तुटलेली दिसली की समजायचं हाच सुटतोय. कारखान्यात आम्ही पेंटने करतो, तुमच्या घरात नेलपॉलिश असेलच.

गंगापूररोड_१०.९
फिटरदादांना अनुमोदन. भर घालतो.

स्लिंग यादीतून आत्ताच काढा. १० मीटरला उभ्याने मारायचं असतं आणि स्टँडिंगला स्लिंग नियमातच बसत नाही. ती प्रोन (झोपून) आणि नीलिंगला (गुडघ्यावर), म्हणजे ५० मीटर थ्री पोझिशनला. स्वप्निल कुसळेने पॅरिसला २०२४ मध्ये ब्राँझ घेतलं, तेव्हापासून सगळ्या पोरांना स्लिंग हवी असते. हौस समजू शकतो, गडी आपल्या नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकलाय, पण ते वेगळं प्रकरण आहे.

वजनांची घाई नको. रायफल सगळं मिळून ५.५ किलोच्या आत लागते, आणि नववीतल्या मुलीच्या कमरेला आहे तेच ओझं पुरेसं आहे. ट्रिगर ब्लेडने स्कोअर वाढलेला मी तरी पाहिला नाही.

खरा पैसा छऱ्यांत घाला. एकाच कंपनीच्या छऱ्यांत डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ असे प्रकार येतात, शिवाय बॅचबॅचमध्ये फरक असतो. प्रत्येक बॅरलची आवड वेगळी. रायफल रबर लावलेल्या शिकंज्यात पक्की धरून, तीन-चार बॅचचे दहा-दहा शॉट वेगवेगळ्या कार्डांवर मारून बघा. चांगल्या बॅचमध्ये दहा शॉटचं भोक एका छऱ्याच्या भोकापेक्षा जेमतेम मोठं दिसतं. जी बॅच जमेल तिचे डबे एकदम घेऊन ठेवा, डब्यावरचा बॅच नंबर जुळवून.

याच चाचणीत दुसरं उत्तरही मिळेल. शिकंज्यात ग्रुप जागेवर राहिला तर रायफल बरी आहे, सरकतंय ते पोझिशनमुळे: गाल दमून चीकपीसवर वेगळा टेकतोय किंवा बटप्लेट खांद्यात खाली घसरतेय. शिकंज्यातही सरकला तर रायफलची भानगड.

पंचवटीकर_बाबा
माझा मुलगा पिस्तूल खेळतो. आम्ही दर रविवारी बॅरल साफ करतो, तेलाचा बोळा फिरवून. चकाचक ठेवा, निम्मे प्रॉब्लेम जातात.

गंगापूररोड_१०.९
बाबा, दर आठवड्याला तेल नको. शिश्याचा पातळ थर बसला की बॅरल स्थिरावते, तो सारखा काढला तर प्रत्येक वेळी पहिले बरेच शॉट भरकटतात. अधूनमधून दोन-तीन फेल्टचे छर्रे मारले तरी भागतं. दोरीने ओढून साफ करायचं तर ब्रीचकडून (छर्रा घालतात त्या बाजूने) तोंडाकडे, उलटं कधीच नाही. तोंडाची कडा खराब झाली की बॅरल गेली. तेल बाहेरच्या स्टीलला, तेही फडक्यावर घेऊन. पावसाळ्यात तर नक्कीच, आपल्याकडे श्रावणात केसच्या फोमलासुद्धा बुरशी येते. घरी आलं की केस उघडी ठेवायची, आत सिलिका जेलच्या पुड्या.

सातपूर_एक्स्प्रेस
हवा कुठे भरता ताई? आमच्या शेजारी वेल्डिंगवाला आहे, त्याच्या ऑक्सिजनच्या बाटल्यांत १५० बार असतोच. ॲडाप्टर करून दिला तर फुकटात काम 😀

अंबडचा_फिटर
भाऊ, गमतीतसुद्धा लिहू नका, कोणीतरी करून बसेल. दाबाखालचा ऑक्सिजन आणि ग्रीस-तेलाचा अंश एकत्र आले की स्फोट होतो. एअर रायफलमध्ये फक्त कोरडी, स्वच्छ हवा. रेंजवरच्या मोठ्या बाटलीतून भरा, किंवा फायर सेफ्टीवाल्यांकडे श्वासाच्या सेटसाठी हवा भरतात, त्यांना फिल्टर आहे का विचारून घ्या. हँडपंप चालतो, पण त्यातून ओल आत जाते. ओल्या हवेने सिलिंडर आतून गंजतो आणि हवेचा दाब एकसारखा ठेवणारा रेग्युलेटर रुसतो.

भरताना व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा. भसकन भरलं की सिलिंडर तापतो, काटा २०० दाखवतो आणि गार झाल्यावर खाली येतो. आणि काटा मॅन्युअलमधल्या किमान दाबाखाली जाईपर्यंत मारत राहू नका. तिथे वेग पडतो, शॉट खाली जायला लागतात.

ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस, तेही नखावर मावेल इतकंच. डब्यातला गंजनाशक स्प्रे तिकडे फिरकूही देऊ नका.

सिडकोची_आई
सगळ्यांचे आभार! शनिवारी रेंजवर एका सरांनी शिकंजा लावून दिला. डायऑप्टरचा स्क्रू खरंच सैल होता, लेकीनेच रेघ तुटलेली दाखवली. आवळल्यावर ग्रुप जागेवर बसला. छऱ्यांच्या चारपैकी एका बॅचचा ग्रुप बाकीच्यांपेक्षा उघड लहान आला, अगदी तिच्या डोळ्यांनाही दिसला. म्हणजे आता आयरिस घेऊ ना?

निवृत्त_ज्युरी
आयरिसच्या आधी सिलिंडर बघा. त्याच्यावर बनवल्याचा महिना-वर्ष कोरलेलं असतं. आयएसएसएफच्या (नेमबाजीची जागतिक संघटना) नियमात सिलिंडरची मुदत जास्तीत जास्त १० वर्षं आहे आणि ती पाळायची जबाबदारी खेळाडूची. वापरलेली रायफल घेताना बॅरल, लाकूड, पॉलिश सगळं बघतात, हेच राहतं. मुदत संपलेला असेल तर इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे स्पर्धेतल्या साहित्य-तपासणीला अडकेल, पण मुख्य म्हणजे २०० बारचं भांडं पोरीच्या हनुवटीपासून हातभर अंतरावर असतं.

आयरिसचं म्हणाल तर वर्षभर नाही घेतली तरी चालेल. तिच्या पुढच्या साइटमधली रिंग कितीची आहे? टार्गेटवरचा काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा असतो. रिंग फार लहान असली तर कडेचा पांढरा पट्टा दिसेनासा होतो आणि डोळा शोधत राहतो. मुलांना बहुधा थोडी मोठी रिंगच मानवते. दोन-तीन मापांचे इन्सर्ट (बदलायच्या रिंगा) आयरिसच्या मानाने स्वस्त पडतात. दुसऱ्या डोळ्यासमोर टोपीवरून किंवा साइटवरून लावायची पट्टी ३० मिलिमीटरपेक्षा रुंद नको.

सिडकोची_आई
सिलिंडरवर ०३/२०१४ आहे. 😟 विकणाऱ्यांनाही माहीत नव्हतं म्हणे.

निवृत्त_ज्युरी
मग २५ हजारांची यादी तिथेच ठरली. त्याच मॉडेलचा, त्याच आट्यांचा नवीन सिलिंडर अधिकृत विक्रेत्याकडून घ्या, बिलावर नंबर लिहून. "तोच आहे, फक्त स्टिकर नाही" असं कुणी म्हणालं तर उठून या. स्पर्धा जवळ असेल तर तोवर क्लबच्या रायफलवर खेळू द्या. उरलेल्या पैशांत चांगल्या बॅचचे छर्रे, आणि जमलं तर रिंगचे इन्सर्ट.

सर्व्हिसिंगसाठी रेग्युलेटर स्वतः उघडू नका. वेग कमी-जास्त होतोय का, ते आधी क्रोनोग्राफवर (छऱ्याचा वेग मोजणारं यंत्र) बघा. आकडे एकमेकांजवळ असतील तर हात लावू नका, नसतील तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवा.

पंचवटीकर_बाबा
ज्युरीसाहेब, थोडं अवांतर. पिस्तुलाचा ट्रिगर नियमातल्या किमान ५०० ग्रॅमवर बरोबर सेट केलाय, तरी मागच्या वेळी तपासणीत ट्रिगरने ते वजन उचललं नाही.

निवृत्त_ज्युरी
बरोबर ५०० ठेवलं तर असंच होणार. ५१०-५२० ठेवा. पिस्तूल सरळ उभं, वजन ब्लेडच्या मध्यावर, हळू उचलायचं. घरी तपासून निघा आणि रेंजवर पोचल्यावर पुन्हा तपासा, प्रवासात स्क्रू फिरतो. रायफलला एअरमध्ये ट्रिगरच्या वजनाची किमान मर्यादा नाही, म्हणून ताईंनी हे वाचून तिचा ट्रिगर जड करायला जाऊ नये.

गंगापूररोड_१०.९
ताई, एक राहिलंच. छर्रे शिश्याचे असतात. सरावानंतर साबणाने हात, मगच खाण्याचा डबा उघडायचा. आमच्याकडे पोरं एका हातात छर्रे आणि दुसऱ्या हातात चिवडा घेऊन बसतात, त्यांना रोज ओरडावं लागतं.

सिडकोची_आई
चिवड्याचं अगदी आमचंच वर्णन आहे. सिलिंडरसाठी विक्रेत्याला फोन केलाय, मॉडेल नंबरचा फोटो मागितला. जुन्याचं काय करू? भंगारात देऊ?

अंबडचा_फिटर
हवा पूर्ण सोडा, काटा शून्यावर आला तरी थोडा वेळ तसाच राहू द्या. भंगारवाल्याला नको, तो गॅस कटर लावेल किंवा दुसऱ्याला विकेल. नवीन घेताना त्याच विक्रेत्याकडे जमा करा.