घरचं पार्लर आहे, हिशोब कसा ठेवायचा आणि सीए लावायचाच का?

पार्लरवाली_नाशिक
नमस्कार मंडळी. आधी दुसऱ्यांच्या सलूनमधे नोकरी करत होते, गेल्या वर्षीपासून नाशिकला इंदिरानगरमधे घरातल्याच पुढच्या खोलीत स्वतःचं चालू केलंय. रोजचं आयब्रो, वॅक्स, फेशियल आणि लग्नसराईत ब्रायडल. सरासरी महिन्याला 75 हजार जमा होतात, लग्नाच्या महिन्यांत बरेच जास्त आणि पितृपक्षात नुसतं माशा मारत बसायचं.

हिशोब म्हणाल तर एक डायरी आहे, त्यात "बी विंग काकू, आयब्रो + अप्परलिप 80, बाकी 20" असलं लिहिलेलं, आणि मालाची बिलं बिस्किटांच्या डब्यात. पैसे बहुतेक यूपीआयनेच येतात पण माझ्या जुन्या सेव्हिंग खात्यात, त्यातच भिशीचे पण येतात.

एक टॅक्सवाले म्हणाले वर्षाचे 15 हजार, जीएसटी नंबर घ्यावाच लागेल. दुसरे म्हणाले 2 हजारात रिटर्न भरून देतो, 6 टक्के नफा दाखवू, वही-बिही काही लागत नाही. मिस्टर म्हणतात एवढ्याशा धंद्याला सीए कशाला. पण दोन वर्षांत गाळा घ्यायचाय, लोन लागेल. कुणाचं ऐकू?

डेबिट_क्रेडिट
सीएच्या ऑफिसात काम करतो म्हणून सांगतो. जीएसटी आत्ता नको. महाराष्ट्रात सर्विस देणाऱ्याला वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की नंबर लागतो, तुमची 9 लाख आहे. फक्त शाम्पू-क्रीम विकणाऱ्याला 40 लाख असतं, पण सर्विस आणि विक्री दोन्ही करत असाल तर सगळं मिळून 20 च धरायचं. उगाच नंबर घेतला तर धंदा झाला नाही तरी रिटर्न भरत बसा. आणि पुढे घ्यावा लागलाच तर सप्टेंबर 2025 पासून पार्लरच्या सर्विसवर 18 चा 5 टक्के झालाय, फक्त इनपुट क्रेडिट मिळत नाही, म्हणजे वॅक्स आणि फेशियल किटवर भरलेला जीएसटी तुमच्याच बोडक्यावर.

व्यवसाय कराचं मात्र दोघांपैकी कुणी बोललं नाही वाटतं? महाराष्ट्रात वर्षाला 2500, पीटीइसी म्हणतात त्याला, पार्लरलाही लागतो. हा बऱ्याच जणी भरत नाहीत आणि मग चार वर्षांचा एकदम व्याजासकट निघतो.

मेकअप_आणि_मी
ताई, सगळ्यात आधी दुसरं खातं उघडा आणि क्यूआर त्यालाच जोडा, बाकीचं नंतर. भिशी लागली की एकदम 60 हजार जमा होतात आणि उद्या कुणी विचारलं की हे कुठले, तर भिशीची काय पावती दाखवणार आपण?

दुसरं म्हणजे ब्रायडलचे ॲडव्हान्स. मी डायरीला एक वेगळं पान ठेवलंय, नवरीचं नाव, तारीख, ॲडव्हान्स किती, उरलेले कधी आले, कॅन्सल झालं तर परत किती दिले. नाहीतर जानेवारीत घेतलेला ॲडव्हान्स आणि मे मधलं लग्न, मधे मार्च संपतो आणि कुठल्या वर्षात काय धरलं कळतच नाही. एक्सेल वगैरे मला जमत नाही, रात्री दुकान आवरताना रोख किती, यूपीआय किती, खर्च किती एवढे तीन आकडे लिहायचे. बिलांचे फोटो काढून ठेवा हो, त्या थर्मल कागदावरची अक्षरं सहा महिन्यांत उडतात.

पार्लरवाली_नाशिक
खातं उद्याच उघडते. पण ते 6 टक्क्यांचं काय? खरंच चालतं का तसं?

डेबिट_क्रेडिट
चालतं म्हणजे कायद्यातच सोय आहे, लोक 44एडी म्हणून ओळखतात. बँकेतून-यूपीआयने आलेल्या पैशावर कमीत कमी 6 टक्के आणि रोखीवर 8 टक्के नफा धरायचा, आयटीआर-4 हा रिटर्नचा फॉर्म भरायचा, वह्या सक्तीच्या नाहीत. पण "कमीत कमी" हा शब्द लोक सोयीस्करपणे गाळतात. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा असतो, आणि पार्लरमधे माल कमी आणि हातांची मेहनत जास्त, त्यामुळे 6 टक्क्यांवर कुणाचं पार्लर चालत नाही.

आता तुमच्या बाबतीत गंमत बघा. 9 लाखांवर 6 टक्के म्हणजे 54 हजार, वर्षाचे! हे रिटर्न घेऊन गाळ्याच्या लोनला गेलात तर बँकवाला चहासुद्धा विचारणार नाही. समजा माल, लाईट, हेल्पर मुलीचा पगार असे साडेतीन लाख गेले तर खरा नफा साडेपाच. तोच दाखवा, आयटीआर-4 मधेच दाखवता येतो. नव्या करप्रणालीत 2025-26 पासून 12 लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर रिबेट, म्हणजे टॅक्समधे सूट, मिळून टॅक्स शून्य होतो. म्हणजे कमी दाखवून वाचवताय काय तर काहीच नाही, उलट लोन घालवताय. फक्त 4 लाखांच्या वर उत्पन्न असलं की टॅक्स शून्य असला तरी रिटर्न भरावंच लागतं.

कोथरूडकर
सीए निवडताना एकच बघा, इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर मोबाईल आणि ईमेल तुमचाच टाकायला लावा. माझ्या बहिणीचं शिवणक्लासचं रिटर्न एक सल्लागार भरायचा, त्याने स्वतःचाच ईमेल टाकलेला, नोटीस त्याला जायची आणि हिला पत्ताच नाही. पासवर्ड बदलून घेताना नाकी नऊ आले. शिवाय प्रत्येक टॅक्सवाला सीए नसतो. साध्या रिटर्नला काही हरकत नाही म्हणा, पण बँकेला सर्टिफिकेट लागलं तर ते सीएचंच लागतं आणि त्यावर यूडीआयएन नंबर असतो, म्हणजे त्या सर्टिफिकेटचा स्वतःचा ओळख नंबर. आणि उद्यम रजिस्ट्रेशनला, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीला, कुणी पैसे मागितले तर देऊ नका, सरकारी साईटवर ते फुकट आहे.

मेकअप_आणि_मी
+1. घरपोच सर्विसच्या ॲपवरून काम घेत असाल तर तेही आधीच सांगा सीएला, कमिशन कापून हातात येतात ते वेगळे आणि एआयएसमधे (इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर दिसणारा आपल्या व्यवहारांचा तपशील) दिसतात ते वेगळे. जमा पूर्ण रकमेची धरायची, कमिशन खर्चात.

पार्लरवाली_नाशिक
ॲप नाही, सगळं ओळखीतूनच. एक शेवटचं, घर सासूबाईंच्या नावावर आहे, खोलीचं भाडं खर्चात धरता येईल का?

डेबिट_क्रेडिट
खरंच देत असाल तर हो. साधा करार करा आणि दर महिन्याला त्यांच्या खात्यात ट्रान्सफर करा. पण मग ते त्यांचं उत्पन्न झालं, त्यांना पेन्शन असेल तर तेही मिळून बघावं लागेल. आधी सासूबाईंना विचारा 😄