अतिरेक्याला सरळ विमानात बसवून का नाही पाठवत?

छप्पनवाला
काल इंदूरच्या छप्पन दुकानवर पोहे खाताना आमच्या ग्रुपमध्ये जाम वाजलं, जिलेबी गार झाली तरी कोणी हात लावेना. विषय तहव्वुर राणा. २०२० पासून आपल्या मागणीवरून अमेरिकेत आत होता आणि आला कधी, तर एप्रिल २०२५ ला! मधे काय, तर म्हणे भारतात माझा छळ होईल. अरे २६/११ चा आरोप असलेल्याचे एवढे लाड कशाला?

वकीलीणबाई
लाड नाहीत हो दादा. छळ होण्याची खरी भीती असेल तिथे माणसाला धाडायचंच नाही, मग तो कितीही डेंजर असो, असा नियम आहे. युरोपातली यावरची गाजलेली केस आपलीच आहे, चहल विरुद्ध ब्रिटन, १९९६. चहल म्हणजे खलिस्तानवादी शीख नेते; देशाच्या सुरक्षेसाठी म्हणून ब्रिटन त्यांना भारतात पाठवणार होतं, आपल्या सरकारने काही होणार नाही असा भरवसाही दिला होता, पण युरोपच्या मानवाधिकार कोर्टाने १२ विरुद्ध ७ ने अडवलं. दिल्लीच्या शब्दावर शंका नव्हती, पंजाब पोलीस तो पाळतील का ही होती. इथे कोर्टात रोज उभी असते मी, मला काही नवल वाटलं नाही.

छप्पनवाला
आणि तो अबू कतादा, दहशतवादाचा आरोप असलेला जॉर्डनचा मौलवी? ब्रिटनने किती वर्षं पोसला त्याला!

वकीलीणबाई
त्यात मुद्दा वेगळा होता. जॉर्डनमध्ये त्याचा छळ होईल असं त्याच युरोपच्या कोर्टाने २०१२ ला म्हटलंच नाही, दुसऱ्यांना मारून घेतलेले जबाब त्याच्यावर वापरतील असं म्हटलं. मग दोन्ही देशांनी करार केला, २०१३ ला गेला, आणि २०१४ ला तिथल्याच कोर्टाने पुरावा कमी म्हणून सोडला.

छप्पनवाला
घ्या! सुटलाच ना शेवटी.

जुनी_इंदूरकर
अरे बाळा, मारून घेतलेला जबाब बाजूला ठेवल्यावर हातात काय उरलं ते बघ की. आणि तोटा आपलाच होतो रे. १९९५ ला पुरुलियात विमानातून शस्त्रं टाकली, त्यातला किम डेव्ही अजून डेन्मार्कमध्येच आहे, तिथल्या कोर्टाने २०११ ला नाही म्हटलं आणि २०२४ ला परत नाही, कारण दोन्ही वेळा हेच, भारतात छळ होण्याची भीती. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर आपण १९९७ ला सही केली, पण मंजुरी अजून दिलेलीच नाही. २०१० ला लोकसभेत बिल पास झालं, पुढे कायदा काही झाला नाही. समोरच्या वकिलाला आयतं कोलीत.

छप्पनवाला
मग अबू सालेम कसा मिळाला आजी?

जुनी_इंदूरकर
फाशी देणार नाही, २५ वर्षांच्या वर आत ठेवणार नाही असं लिहून दिलं, तेव्हा कुठे २००५ ला पोर्तुगालने सोडला. आता तो तारखा मोजत बसलाय.