मदत हवी आहे : ‘खंड’, ‘मक्ता’ आणि ‘ठोका’ या शब्दांचे मूळ

नमस्कार. भंडारा जिल्ह्यातील आमच्या गावाकडे शेत दुसऱ्याला कसायला देताना आणि त्याचा मोबदला वसूल करताना जे शब्द वापरले जातात, त्यांची टिपणे मी काढत आहे. बहुतेक शब्दांचा माग लागला. तीन शब्दांपाशी मात्र गाडे अडले आहे.

पहिला शब्द ‘खंड’, म्हणजे कसायला दिलेल्या शेताचा आधीच ठरलेला मोबदला. घरातील जुन्या वहीत एका कुळापुढे ‘खंड ३ खंडी धान, वसूल २ खंडी ४ कुडो, बाकी १६ कुडो’ अशी नोंद आहे. कुडो हे धान्य मोजण्याचे माप; आमच्याकडे २० कुडोंची एक खंडी धरतात आणि धानाचा खंड खंडीनेच मोजत असल्यामुळे ‘खंडीवरून खंड’ असे गावातील जाणती मंडळी ठामपणे सांगतात. मला ते पटत नाही. नगर जिल्ह्यात साखर कारखान्यांना जमिनी दिलेले शेतकरीही ‘खंडकरी’च म्हणवले जातात आणि तिथे धानाच्या खंडीचा काहीही संबंध येत नाही. शिवाय ‘खंडणे’ या क्रियापदाला तोडण्याबरोबरच रक्कम एकदाची ठरवून टाकण्याचाही अर्थ आहे, आणि ‘खंडणी’ हा शब्द त्यातूनच आलेला आहे.

दुसरा शब्द ‘मक्ता’, म्हणजे ठरलेल्या मोबदल्यावर दिलेला ठेका, आणि खरी गंमत इथेच आहे. हा शब्द अरबीतील ज्या धातूवरून आला, त्याचा अर्थही कापणे, तोडणे असाच आहे. म्हणजे ‘मक्त्याने शेत करणे’ आणि ‘खंडाने शेत करणे’ या दोन्हींच्या मुळाशी एकच कल्पना दिसते. तेव्हा फारसी-अरबी दफ्तराच्या प्रभावामुळे ‘खंड’ला हा अर्थ चिकटला, की तो मराठीत आधीपासूनच होता? यादवकालीन शिलालेखांत किंवा महानुभाव गद्यात ‘खंडणे’ हे क्रियापद ‘ठरवणे’ या अर्थाने कोणाच्या वाचनात आले असल्यास कृपया ते वाक्य संदर्भासह द्यावे, कारण या प्रश्नाचा निकाल अशा पुराव्यावरच लागू शकेल.

तिसरा शब्द ‘ठोका’. ‘यंदा शेत ठोक्यानं देल्लं’ असे पाडव्याच्या सुमारास सर्रास कानी पडते. हा हिंदी ‘ठेका’ आपल्या तोंडी बदलून आला, की ‘ठोक रक्कम’, ‘ठोक भाव’ यांतील ‘ठोक’शी त्याचे नाते आहे? मोबदला एकरकमी आणि आधीच ठरलेला असतो, त्यामुळे माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, पण ठोस आधार हाती नाही.

उत्तरे देताना पुनरुक्ती टळावी म्हणून जे उलगडले आहे तेही नोंदवतो. ‘वसूल’ हा अरबी शब्द असून त्याचा मूळ अर्थ ‘येऊन पोहोचणे’ असा आहे. ‘तहसील’ म्हणजे गोळा करणे, त्यामुळे तहसीलदार हा मुळात वसुली करणारा. ‘भाडे’ संस्कृत ‘भाटक’वरून आले. ‘मालगुजार’ म्हणजे मालाचा मालक, असा आमच्याकडे समज आहे. फारसीत मात्र त्याचा अर्थ ‘सारा भरणारा’ असा होतो. कुळांकडून घ्यायचे आणि सरकारात भरायचे, अशी त्याची दुहेरी भूमिका होती, आणि शब्दाने त्यातील भरण्याची बाजू तेवढी टिपली. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तरी ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव या नावात तो शब्द अजून वापरात आहे.

‘बटई’ मी मुद्दाम वगळली आहे, कारण तिथे पिकाची वाटणी होते, रक्कम आधी ठरत नाही.

आपल्या भागातील प्रयोग कळवताना जिल्हा, बोलण्यातले एखादे पूर्ण वाक्य आणि मोबदला रोखीत की धान्यात, एवढे अवश्य लिहावे. वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारात भरत, आणि आमच्याकडे मालगुजारी, त्यामुळे अमरावती, अकोला, बुलढाणा व यवतमाळकडील मंडळींची उत्तरे मला विशेष हवी आहेत.