मदत हवी आहे: मधली खोली अंधारी, गच्चीचं पाणीही साठवायचंय, काँट्रॅक्टर म्हणतो एकच करा

जुन्या_पेठेतला: नमस्कार. जरा लवकर सांगा, सोमवारी काम सुरू होतंय. कोल्हापुरात राहतं घर आहे, पाडायचं नाही, डागडुजी करायची आहे. मधल्या खोलीत भर दुपारीसुद्धा ट्यूब लावावी लागते. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती. स्लॅबला ४ बाय ४ फुटांचं भोक पाडून वर काच बसवायची आणि त्याच गच्चीचं पाणी पाईपनं खाली टाकीत घ्यायचं, असा बेत आहे. काँट्रॅक्टर म्हणतो भोक पाडलं की गच्चीचा ढाळ मोडतो, पाणी तुंबून गळणार, दोन्हींतलं एकच करा. खरं की खोटं? भाषण नको.

गच्चीवरचा_माळी: गच्ची किती चौरस फूट? टाकी किती लिटरची?

तांबडा_रस्सा: भावा, सोलर बसव. लाईट फुकट, मग दिवसभर ट्यूब जळू दे की. कशाला स्लॅब फोडतोस.

जुन्या_पेठेतला: सोलरचं विचारलंच नाही. गच्ची ८५० चौ. फूट. टाकी ५००० लिटरची, पुढच्या सोप्याखाली (ओसरीखाली) जमिनीत.

रिटायर_ओव्हरसियर: काँट्रॅक्टर अर्धं खरं बोलतोय. भोकाच्या चारी बाजूंनी किमान ९ इंच उंच कठडा बांधायचा, कोपऱ्यात गोलाई द्यायची आणि कोबा (गच्चीवरचा पाणी अडवणारा थर) नव्यानं करून ढाळ कठड्याला वळसा घालून न्यायचा. एवढं केलं तर पाणी तुंबत नाही. पण जुना स्लॅब कापताना सळ्या कुठून गेल्यात ते इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हात लावू नका. आणि टाकी कशाला? बोअर असेल तर त्यातच पाणी सोडा. जमिनीएवढी मोठी टाकी जगात नाही.

गच्चीवरचा_माळी: काका, आधी हिशेब बघा. एक चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर. ८५० चौ. फूट म्हणजे ७९ चौ. मीटर. शहरात वर्षाला साधारण १००० मिमी धरला आणि वाया जाणारं सोडलं, तरी ६३ हजार लिटर हाताला लागतात. हे सगळं बोअरमध्ये ओतून फायदा कुणाला? पलीकडच्या गल्लीतल्याला.

रिटायर_ओव्हरसियर: मग पलीकडच्याला मिळालं तर बिघडलं काय? तुमची ५००० ची टाकी जुलैच्या दोन-तीन मुसळधार दिवसांत भरेल. पाच माणसांना रोज माणशी १३५ लिटर धरा, आठवड्यात रिकामी. मे महिन्यात त्या टाकीत पाली फिरतील.

शिरोळचा_गणू: आमच्याकडं बोअरचं पाणी खारट, जमीन मिठानं पांढरी झालीय. उसाला पाणी पाजून पाजून ही गत. बोअरवर भरवसा ठेवू नका.

गच्चीवरचा_माळी: गणूदादा, प्रश्न पेठेतल्या घराचा आहे.

उन्हाची_सावली: मी आर्किटेक्ट आहे. आडव्या काचेला माझा विरोध. कोल्हापूर १६.७ अंश अक्षांशावर. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, परत ऑगस्टच्या सुरुवातीला. ऑगस्टात ढग असतात, मेमध्ये कोण वाचवणार? दुपारी ऊन सरळ खोलीत पडेल. कठड्यावर छोटी छपरी करून काच उत्तरेकडं उभी बसवा. मे ते जुलै सूर्य दुपारीही किंचित उत्तरेला असतो, पण तेवढं ऊन अडवायला वीतभर छज्जा पुरतो. शिवाय ४ बाय ४ कशाला? वरून येणारा उजेड खिडकीपेक्षा जास्त पसरतो. खोली केवढी आहे?

जुन्या_पेठेतला: १० बाय १४.

उन्हाची_सावली: मग अडीच बाय अडीच खूप झालं. छताला पांढरा रंग, फरशी फिकी.

पागोळी: आमच्या आजोळच्या वाड्याला चौक होता. चारी बाजूंच्या खोल्यांना उजेड तिथूनच. पावसाळ्यात पागोळ्यांखाली घंगाळं मांडायची आणि ते पाणी डाळ शिजवायला घ्यायचं, लवकर शिजते म्हणून. स्वयंपाकघरावर एक काचेचं कौल होतं. तेव्हा आर्किटेक्ट कुठं होते?

उन्हाची_सावली: ताई, तो चौकच तर हल्ली सगळे स्लॅब टाकून झाकतात.

तांबडा_रस्सा: पॉलिकार्बोनेट टाक, स्वस्त. काही वर्षांत पिवळं पडतं तो भाग वेगळा.

रिटायर_ओव्हरसियर: मूळ माणूस गप्प का? बोअर आहे का? माती कसली? काळी असेल तर शोषखड्डा (पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा) पायाजवळ मुळीच नको. भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, भिंतींना तडे जातात. आणि नेमकी पेठ कुठली?

जुन्या_पेठेतला: बोअर आहे, दारातच. शुक्रवार पेठ, पंचगंगेकडं उतरणारी गल्ली. २०१९ ला कमरेएवढं पाणी होतं, २०२१ लाही आलं. त्याचा इथं काय संबंध?

गच्चीवरचा_माळी: अहो!! हे पहिल्या ओळीत सांगायचं. सोप्याखालच्या टाकीत पुराचं पाणी, गटाराचं पाणी सगळं जाणार. टाकी रिकामी असेल तर वर उचललीसुद्धा जाईल.

रिटायर_ओव्हरसियर: माझा बोअरचा सल्ला मागं घेतो. निदान असा नाही. बोअरचं तोंड पुराच्या रेषेच्या वर उचलल्याशिवाय आणि पाईपला व्हॉल्व्ह बसवल्याशिवाय काही सोडू नका. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांच्या धोका पातळीकडं निघाली की व्हॉल्व्ह बंद.

पागोळी: २०१९ मध्ये दारात नदी आणि नळ कोरडा! शहराला पाणी देणारे शिंगणापूर, बालिंग्याचे पंपच पाण्यात गेले होते. टँकरसाठी घागरी घेऊन कोण कोण उभं होतं, हात वर करा.

गच्चीवरचा_माळी: म्हणूनच सांगतो, उन्हाळ्याचं विसरा, पुरातल्या आठवड्यासाठी साठवा. मागच्या बाजूला पहिल्या मजल्याच्या उंचीवर न्हाणीचा स्लॅब असेल तर ५०० लिटरचे दोन पिंप ठेवा. १००० लिटर म्हणजे एक टन वजन, स्लॅब तपासून घ्या. १६ मिमीच्या एका सरीत भरतील. पहिल्या पावसाची घाण बाजूला काढायला वेगळा पाईप, मग वाळू-खडी-कोळशाचा फिल्टर. भांडी, संडास, धुणं. प्यायचं झालंच तर उकळून.

जुन्या_पेठेतला: न्हाणीचा स्लॅब आहे, वरच्या मजल्याच्या लेव्हलला. बरं, हे पटलं. आता काचेचं सांगा, उत्तरेकडची छपरी किती उंच? आणि वर भावाची बेडरूम आहे, त्याच्या खोलीत उजेड नको म्हणतो, मग काच कशी झाकायची?

उन्हाची_सावली: थांबा. वर बेडरूम म्हणजे? अंधारी खोली कितव्या मजल्यावर आहे?

जुन्या_पेठेतला: तळमजल्यावर. सांगितलं ना मधली खोली.

रिटायर_ओव्हरसियर: _/\_

उन्हाची_सावली: मग गच्चीला भोक पाडून तुमच्या भावाची झोप उडेल, बाकी काही नाही. जिना मधल्या खोलीला लागून आहे का?

जुन्या_पेठेतला: हो, एका भिंतीपलीकडं.

उन्हाची_सावली: सुटलं. जिन्यावरच्या हेडरूमच्या (गच्चीवर जिना झाकणाऱ्या खोलीच्या) उत्तर भिंतीत मोठी काच लावा. जिन्याच्या भिंती पांढऱ्या करा. मधल्या खोलीची जिन्याकडची भिंत डोक्याच्या वर फोडून जाळी बसवा, वजन पेलणारी आहे का ते आधी बघून. लख्ख नाही, पण दिवसा ट्यूब लागणार नाही इतका उजेड येईल. स्लॅब कापायचा नाही, ढाळही मोडत नाही. काँट्रॅक्टरशी भांडणच संपलं.

तांबडा_रस्सा: आणि वर सोलर.

जुन्या_पेठेतला: हेडरूमची उत्तर भिंत कोरी आहे, ते जमेल. पण जाळी म्हणताय त्याच भिंतीवर देव्हारा आहे. आईला विचारून सांगतो.