नाशिकच्या गच्चीवर ट्यूलिप, हायसिंथ फुलतील का?

इंदिरानगरची गच्ची
भावाने दिवाळीला ट्यूलिप आणि हायसिंथचे कंद पाठवलेत. पाकिटावर लिहिलंय, थंडीत लावा, वसंतात फुलतील. आता आपला वसंत म्हणजे डोक्यावर पदर घेऊन गच्चीत जायचं! पहाटे गारठा असतो, पण दुपारी फरशी तापते. थेट कुंडीत लावू का? नर्सरीवाला "फ्रीजमध्ये ठेवा" म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. फ्रीजमध्ये आधीच सासूबाईंची भाजी, औषधं... किती दिवस अडवू?

निफाडचा कांदेवाला
ताई, आमच्याकडे पारा पाचाखाली गेला की पेपरात बातमी येते, पण दुपारी स्वेटर काढावाच लागतो. ट्यूलिपला सलग थंडी लागते, १२ ते १४ आठवडे, ९ अंशांच्या आत. फूल कंदात आधीच तयार असतं. थंडी कमी पडली तर दांडा लांबत नाही, कळी पानांतच सुकते. कांद्यालाही गारठा जास्त झाला की डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे येतात. पिकात नको असतात, बियाण्याच्या प्लॉटमध्ये हवेच असतात. तुम्हाला ट्यूलिपचे डेंगळेच आणायचेत असं समजा :)

कुंडीतली काकू
डेंगळे झकास! ताई, फ्रीजला पर्याय नाही. कागदी पिशवीला भोकं पाडून खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नको. पालेभाजी शेजारी चालेल, सफरचंद-केळी अजिबात नको. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो, त्याने आतली कळी मरते. हायसिंथला १० आठवडे पुरतात, ते जानेवारीत लागतील. ट्यूलिप बाहेर निघेपर्यंत फेब्रुवारी उजाडेल, म्हणजे जुगारच. हायसिंथ हाताळताना हातमोजे घाला, खाज सुटते. नुसती काळी माती भरू नका, पाणी धरते आणि कंद कुजतो. निम्मी वाळू आणि थोडं जुनं शेणखत घाला. कुंडी पूर्वेच्या कोवळ्या उन्हात ठेवा.

इंदिरानगरची गच्ची
आणि पुढच्या वर्षी तेच कंद पुन्हा?

कुंडीतली काकू
इथे नाही हो. ट्यूलिपला श्रीनगरच बरं, झबरवान डोंगराच्या पायथ्याशी मार्चअखेरीला बघून यावं. दरवर्षी फूल हवं तर अमॅरिलिस लावा. उन्हाळ्याच्या तोंडाशी हे मोठाले लाल कर्णे येतात, फ्रीज नको की लाड नकोत. पिल्लंही धरतात, शेजारीपाजारी वाटता येतात.

इंदिरानगरची गच्ची
सफरचंदं बाहेर काढली. सासूबाई विचारतायत, हे कांदे भाजीत का घालायचे नाहीत?

निफाडचा कांदेवाला
चुकूनही नको, ट्यूलिप-हायसिंथचे कंद विषारी असतात. पिशवीवर ठळक लिहून ठेवा.