‘कार’ हे आडनाव आणि पाणथळ रान

प्रश्न (ऐरोलीहून)
ब्रिटिश इतिहासकार ई. एच. कार (१८९२-१९८२) यांच्याविषयी लेख लिहिताना कोशात ‘कार’चा अर्थ पाहिला, तर तो ‘दलदलीतील झाडी’ असा निघाला. मराठी कानाला या उच्चारातून आधी मोटार आठवते आणि पाठोपाठ ग्रंथकार, चित्रकार यांतला, ‘कृ’ धातूपासून आलेला ‘कार’. खाडीजवळ राहत असल्यामुळे मी मसुद्यात ‘खारफुटी’ असे लिहिले आहे. ते चालेल का? मोटारीशी या आडनावाचा काही संबंध आहे का?

उत्तर १ (ठाणे)
मोटारीशी संबंध नाही. ती कार लॅटिनमधील गाडीवाचक ‘कारुस’पर्यंत मागे जाते, तर आडनावाच्या मुळाशी जुन्या नॉर्स भाषेतील ‘क्यार्र’, म्हणजे ओल्या जमिनीवरची झुडपे, हा शब्द आहे. नॉर्स लोक जेथे वसले त्या यॉर्कशायर, लिंकनशायरमध्ये तो शेतांच्या आणि जागांच्या नावांत अजून टिकून आहे. अशा रानालगत राहणारे ते कार, जसे आपल्याकडे कांदळगावचे ते कांदळगावकर. स्कॉटलंडमधील ‘केर’ हे त्याचेच रूप. आयर्लंडमधील काही कार घराण्यांचे नाव मात्र गेलिक नावांवरून आलेले आहे, त्यामुळे प्रत्येक कारला हा अर्थ चिकटवू नये.

उत्तर २ (बेलापूर)
कृपया ‘खारफुटी’ लिहू नका. ओहोटीला ऐरोलीच्या काठावर उभे राहिले की काळ्या चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली तिवरांची श्वासमुळे दिसतात. ती झाडे भरतीच्या खाऱ्या पाण्यावर जगतात. इंग्लंडमधील ‘कार’ सहसा गोड्या पाण्याचे असते. तळ्याकाठी आधी वेत-बोरूसारखे गवत माजते, गाळ साचून जमीन थोडी वर येते आणि मग तेथे आल्डर व विलो ही झाडे मूळ धरतात. आपल्या राज्यात त्याच्या जवळचे उदाहरण हवे असेल तर ते ठाण्याच्या खाडीत नव्हे, तर दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथे, जायफळाच्या कुळातील झाडांच्या गोड्या पाण्यातील राईत सापडेल. त्या झाडांची मुळे गुडघ्यासारखी वाकून पाण्याबाहेर येतात. मी ‘पाणथळ रान’ म्हणेन, कारण ‘दलदल’ या शब्दात झाड दिसत नाही.

प्रश्नकर्ता
‘पाणथळ रान’ हाच शब्द घेतला आहे, आणि हे रान गोड्या पाण्याचे असल्याचे तळटीपेत नोंदवले आहे.